व्याख्येची जकात : ॲल्युमिनियम फॉइलचा जागतिक व्यापार आणि शेंद्रा परिसर

१. विषयप्रवेश

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या मार्गावर शेंद्रा येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे पंचतारांकित औद्योगिक क्षेत्र आहे. त्यालाच लागून दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यातील 'ऑरिक' ही नियोजित उद्योगनगरी वसली आहे. या परिसरात मोटारी जुळविल्या जातात, इंजिने तयार होतात, औषधे व मद्य यांचे उत्पादन होते. शहराच्या पश्चिमेस वाळूज येथे बीअरचे कारखाने आहेत, आणि चिकलठाण्यापासून पैठण रस्त्यापर्यंत औषधनिर्मितीचे कारखाने विखुरलेले आहेत. या उद्योगांपैकी एकही 'फॉइलचा उद्योग' म्हणून ओळखला जात नाही. तथापि ॲल्युमिनियमच्या फॉइलवाचून यांपैकी बहुतेकांचे चालत नाही. औषधाच्या गोळीची पट्टी, बीअरच्या बाटलीच्या गळ्याभोवतीचे वेष्टन आणि वाहनाच्या रेडिएटरमधील उष्णता बाहेर टाकणारे पातळ पंख या तिन्ही ठिकाणी ही एकच धातू अत्यंत पातळ रूपाने उपस्थित असते.

अशा फॉइलवर आयातीच्या वेळी किती जकात बसावी, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचा समजला जातो. तो तसा आहेच. परंतु जकातीचा दर ठरण्यापूर्वी 'ही जकात नेमकी कशावर?' हे ठरवावे लागते, आणि ते ठरते एका वाक्याने. त्या वाक्यातील प्रत्येक विशेषण, प्रत्येक अपवाद आणि प्रत्येक अंक यांचे मोल परकीय चलनात मोजता येते. प्रस्तुत लेखात फॉइलच्या व्यापाराची ही बाजू, म्हणजे व्याख्येची बाजू, मांडावयाची आहे. 'जकात' हा शब्द येथे आयातीवरील कर या जुन्या व्यापक अर्थाने योजला आहे. शासकीय परिभाषेत त्यास 'सीमाशुल्क' म्हणतात.

२. तीन भाषांतील पान

प्रथम वस्तूच्या नावाकडे पाहू. जाड धातुपटाला मराठीत 'पत्रा' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'पत्र' म्हणजे पान यापासून आला. मिठाईवर लावावयाच्या चांदीच्या अतिपातळ पापुद्र्याला आपण 'वर्ख' म्हणतो. तो अरबी 'वरक' या शब्दापासून आला असून त्याचाही अर्थ पान असाच आहे. 'फॉइल' हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला. त्याचे मूळ लॅटिन 'फोलियम' हे असून त्याचाही अर्थ पान. धातू ठोकून वा लाटून पातळ केली की ती पानासारखी दिसते, ही एकच कल्पना तीन निरनिराळ्या भाषांना सुचली, आणि त्या तिन्ही भाषांचे शब्द आज मराठीत शेजारी शेजारी नांदत आहेत.

मराठीत याखेरीज 'बेगड' हा शब्द आहे. मखर, बाशिंग, ताबूत यांच्या सजावटीत वापरला जाणारा चकचकीत धातूचा पापुद्रा म्हणजे बेगड. त्यावरून 'बेगडी' म्हणजे वरवर चमकणारे, खोटे, असा अर्थ रूढ झाला. पैठणी व हिमरू यांच्या या प्रदेशात 'जर', 'बादला', 'कलाबतू' हे शब्दही पातळ केलेल्या धातूशी निगडित आहेत. मुले मात्र चॉकलेटवरच्या फॉइलला सरळ 'चांदी' किंवा 'चंदेरी कागद' म्हणतात.

हे सर्व शब्द उपयोगावरून वा दिसण्यावरून पडलेले आहेत. वर्ख खाल्ला जातो, बेगड चिकटविली जाते, पत्रा छपरावर घातला जातो. पत्रा किती पातळ झाला म्हणजे तो पत्रा राहत नाही, असा प्रश्न मराठी भाषकाने कधी विचारला नाही, कारण त्याला त्याची गरज पडली नाही. जकात-अधिकाऱ्याला मात्र ती गरज रोज पडते.

३. दोन दशांश मिलिमीटर

जगातील व्यापारी मालाचे वर्गीकरण आज ज्या पद्धतीने होते तीस 'सुसंवादी पद्धती' असे म्हणता येईल. ब्रसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या आश्रयाने १९८३ मध्ये यासंबंधीचा करार झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून तो अमलात आला. या पद्धतीत मालाचे सहा अंकी सांकेतिक क्रमांकांचे पाच हजारांहून अधिक गट आहेत. भारतातील १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमाच्या अनुसूचीत १९८६ मध्ये याच पद्धतीचा स्वीकार झाला. आपल्याकडे हे क्रमांक आठ अंकी आहेत. पहिले सहा अंक सर्व जगात समान असतात, पुढचे प्रत्येक देशाचे स्वतःचे.

या पद्धतीत ॲल्युमिनियमचा अध्याय ७६ वा. ७६०१ हे शीर्षक अघटित धातूचे, म्हणजे पाटा-लगडींचे. ७६०६ हे ०.२ मिलिमीटरहून जाड अशा पत्र्यांचे व पट्ट्यांचे. ७६०७ हे फॉइलचे. ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीचे ॲल्युमिनियम म्हणजे फॉइल. मग ते छापील असो वा नसो, त्यास कागदाचे वा प्लास्टिकचे अस्तर असो वा नसो. मात्र जाडी मोजताना अस्तर वगळावयाचे. या शीर्षकाच्या पोटात अस्तर नसलेली व केवळ लाटलेली, अस्तर नसलेली पण आणखी प्रक्रिया केलेली, आणि अस्तर असलेली असे तीन उपविभाग आहेत.

ही ०.२ मिलिमीटरची रेषा निसर्गाने आखलेली नाही. कारखान्यात फॉइलसाठीचा पत्रा रुळांतून पुनःपुन्हा लाटला जातो. तो ०.२१ वरून ०.१९ वर येतो त्या क्षणी त्या धातूत कोणतेही गुणात्मक परिवर्तन होत नाही. स्वयंपाकघरातील फॉइल साधारणतः ०.०१० ते ०.०१८ मिलिमीटर जाडीची असते. बहुस्तरीय वेष्टनांत वापरली जाणारी फॉइल ०.००६ ते ०.००७ पर्यंत उतरते. इतकी पातळ फॉइल एकटी लाटली तर फाटते, म्हणून शेवटच्या फेरीत दोन थर एकत्र लाटतात. रुळाला लागलेली बाजू चकचकीत होते, आतली बाजू निस्तेज राहते. घरोघरी ज्या दोन बाजूंविषयी तर्क चालतात त्यांचे कारण एवढेच आहे.

रेषेची यादृच्छिकता पाहावयाची असेल तर शेजारचा अध्याय उघडावा. तांब्याच्या फॉइलची मर्यादा ०.२ नसून ०.१५ मिलिमीटर आहे. म्हणजे ०.१८ मिलिमीटर जाडीचे ॲल्युमिनियम 'फॉइल' ठरते, आणि तेवढ्याच जाडीचे तांबे 'पट्टी' ठरते. शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो, हे भाषाविज्ञानाचे पहिले सूत्र येथे अधिकृत राजपत्रात छापून मिळते.

४. सूत्र, अपवाद आणि विडयाचे पान

एखादी वस्तू दोन शीर्षकांत बसू लागली तर काय करावे, याचे नियम या पद्धतीस जोडलेले आहेत. शीर्षकाचे शब्द आणि विभागांच्या व अध्यायांच्या टिपा यांना प्रथम मान द्यावयाचा. त्याने निकाल न लागल्यास सामान्य वर्णनापेक्षा विशेष वर्णन बलवत्तर मानावयाचे. तेही न जमल्यास वस्तूला तिचे स्वरूप ज्या घटकाने प्राप्त होते त्यावरून ठरवावयाचे. आणि सर्व उपाय थकल्यावर क्रमाने जे शीर्षक शेवटी येते ते ग्राह्य धरावयाचे. संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास यात काही परके वाटणार नाही. उत्सर्गापेक्षा अपवाद बलवान असतो, आणि तुल्यबळ सूत्रांच्या विरोधात पुढचे सूत्र प्रवृत्त होते, ही व्यवस्था पाणिनीने फार पूर्वी लावून दिली आहे. नियमांचा मोठा संच विरोधाविना चालवावयाचा असेल तर अशा व्यवस्थेखेरीज गत्यंतर नसते.

शब्दाचा अर्थ शास्त्राकडून घ्यावा की लोकांकडून, हा प्रश्नही येथे येतो. त्याचे उत्तर देणारा एक प्रसिद्ध निर्णय आपल्याच राज्यातील अकोल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दिला. विक्रीकराच्या कायद्यात 'भाजीपाला' करमुक्त होता. विडयाचे पान वनस्पतिजन्य आहे, तेव्हा ते भाजीपाल्यात मोडते काय, असा तो वाद. कायद्याने व्याख्या दिलेली नसताना शब्दाचा अर्थ वनस्पतिशास्त्रावरून न घेता लोकव्यवहारावरून घ्यावा, असे न्यायालयाने ठरविले. त्यानुसार विडयाचे पान भाजी ठरले नाही.

परंतु जेथे कायदाच मोजमापासह व्याख्या देतो तेथे लोकव्यवहाराला फारसा वाव उरत नाही. फॉइलचे तसेच आहे. दुकानदार, गृहिणी वा कामगार तिला काय म्हणतो हे येथे गौण असून मायक्रोमीटर काय दाखवितो हे प्रधान आहे. म्हणून फॉइलवरील वाद लोकभाषेत लढले जात नाहीत. ते व्याख्येच्या भाषेत लढले जातात.

५. जकातीचे थर

फॉइल बंदरावर उतरली की तिच्यावर एक नव्हे, अनेक कर बसतात. पहिला मूळ सीमाशुल्काचा. २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात प्राथमिक ॲल्युमिनियमवरील हा दर ५ वरून ७.५ टक्के आणि ॲल्युमिनियमच्या अन्य वस्तूंवरील ७.५ वरून १० टक्के करण्यात आला होता. मूळ शुल्कावर समाजकल्याण अधिभार, आणि या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर, अशी रचना आहे. उदाहरणादाखल समजा, मालाचे मूल्य १०० रुपये आहे. मूळ शुल्क १० रुपये, त्यावर १० टक्के अधिभार १ रुपया, एकूण १११. त्यावर १८ टक्के दराने कर १९.९८ रुपये. या शेवटच्या कराची वजावट कारखानदारास पुढे मिळते. म्हणून त्याच्यावर पडणारा खरा भार ११ रुपयांचा.

दुसरा थर अवपातनविरोधी शुल्काचा. एखाद्या देशाचा माल त्याच्या रास्त मूल्याहून कमी किमतीस परदेशी ओतला जात असेल तर त्यास अवपातन म्हणतात. १९४७ च्या जकात व व्यापारविषयक सामान्य कराराच्या सहाव्या कलमात यास मान्यता मिळाली. भारतात १९७५ च्या अधिनियमाचे कलम ९ अ आणि १९९५ चे नियम यांनुसार हे शुल्क बसते. देशी उत्पादक तक्रार करतात. २०१८ पासून व्यापार उपाय महासंचालनालय या नावाने ओळखले जाणारे कार्यालय चौकशी करून शिफारस करते आणि अर्थमंत्रालय शुल्क लादते. अवपातन, देशी उद्योगाची हानी आणि या दोहोंतील कार्यकारणसंबंध ही तिन्ही सिद्ध व्हावी लागतात. शिवाय अवपातनाचे अंतर आणि हानी भरून काढण्यास पुरेसे अंतर या दोहोंत जे कमी असेल तेवढेच शुल्क बसवावयाचे, असा आपल्याकडे दंडक आहे. वरील उदाहरणात २० रुपयांचे असे शुल्क वाढले तर कारखानदाराचा खरा भार ११ वरून ३१ रुपयांवर जातो.

तिसऱ्या प्रकारची जकात अमेरिकेने लावली आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षिततेचे कारण देऊन तिने फॉइलसह ॲल्युमिनियमच्या आयातीवर १० टक्के जकात बसविली. मार्च २०२५ मध्ये ती २५ टक्के आणि जून २०२५ मध्ये ५० टक्के करण्यात आली. येथे अवपातन सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. माल त्या नावाखाली येतो एवढे पुरे.

६. एकाच धातूची दोन नावे

फॉइलभोवती इतके वाद का निर्माण झाले हे समजण्यासाठी चीनकडे पाहावे लागते. जगातील प्राथमिक ॲल्युमिनियमपैकी निम्म्याहून अधिक आज तेथे तयार होते. या देशाने आपल्या अघटित ॲल्युमिनियमच्या निर्यातीवर १५ टक्के निर्यातशुल्क ठेवले. उलट पत्रे, फॉइल इत्यादी घडविलेल्या रूपांची निर्यात केल्यास मूल्यवर्धित कराचा १३ टक्के परतावा मिळे. म्हणजे तीच धातू 'लगड' या नावाने देशाबाहेर पडली तर दंड, आणि 'फॉइल' या नावाने पडली तर बक्षीस. अशा स्थितीत धातू घडविलेल्या रूपात बाहेर लोटली जावी हे स्वाभाविक होते. १ डिसेंबर २०२४ पासून चीनने ॲल्युमिनियमच्या अशा वस्तूंवरील परतावा रद्द केला. तथापि दरम्यानच्या काळात अमेरिका, युरोपीय संघ व भारत या तिघांनी चिनी फॉइलविरुद्ध आपापली कुंपणे उभारली होती. ही कुंपणे शब्दांची आहेत, आणि त्यांची रचना पाहण्यासारखी आहे.

७. अतिव्याप्ती : भारताची अधिसूचना

न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितले आहेत. गाईचे लक्षण 'शिंगे असलेला प्राणी' असे केले तर म्हैसही त्यात येते. ही अतिव्याप्ती. 'तांबूस रंगाची' असे केले तर पांढरी गाय सुटते. ही अव्याप्ती. 'एका खुराची' असे केले तर एकही गाय त्यात सापडत नाही. हा असंभव. जकातीच्या व्याख्येला पहिले दोन दोष नेहमी ग्रासतात, आणि प्रत्येक दोषाचा भुर्दंड कोणाला तरी पडतो.

भारताने १६ मे २०१७ च्या अधिसूचनेने चीनच्या फॉइलवर पाच वर्षांसाठी अवपातनविरोधी शुल्क बसविले. ते किलोस ०.६९ ते १.६३ डॉलर असे होते. व्याख्या अशी की, ५.५ ते ८० मायक्रॉन जाडीची फॉइल, छापील असो वा नसो, अस्तराची असो वा बिनअस्तराची. ही व्याख्या विस्तृत होती. देशी उत्पादकाला विस्तृत व्याख्या हवी असते, कारण लहानशी फट ठेवली तरी त्यातून माल येतो. ज्याला फॉइल कच्चा माल म्हणून लागते त्याला संकुचित व्याख्या हवी असते, कारण जो प्रकार देशात पुरेसा तयारच होत नाही त्याच्यावरही जकात पडू लागते. ही अतिव्याप्ती. ती टाळण्यासाठी अधिसूचनेला अपवादांची यादी जोडण्यात आली.

शेंद्रा परिसरातील वाचकाने ती यादी मुद्दाम वाचावी. त्यात पहिल्या रांगेत आहे ती औषधाच्या गोळ्यांसाठी वापरली जाणारी 'ॲलू-ॲलू' म्हणून ओळखली जाणारी बहुस्तरीय पट्टी. पॉलिअमाइड, ॲल्युमिनियम व पीव्हीसी यांचे थर जोडून ती बनते आणि उष्णतेवाचून केवळ दाबाने तिला गोळीचा आकार देता येतो. पुढे आहे बीअरच्या बाटलीची फॉइल, आणि तिचे वर्णन १०.५ मायक्रॉन जाडीची, खरखरीत पृष्ठभागाची, सच्छिद्र असे नेमके केले आहे. आणखी पुढे आहेत रेडिएटर, कंडेन्सर इत्यादी उष्णताविनिमयाच्या उपकरणांसाठीचे ॲल्युमिनियम–मँगेनीज–सिलिकॉन मिश्रधातू, ज्यांची मजबुती ब्रेझिंगच्या जोडणीनंतर एका ठरावीक मर्यादेहून अधिक असली पाहिजे. विद्युत धारित्रांसाठीची फॉइलही वगळलेली आहे.

औषध, बीअर आणि मोटार. या तीन अपवादांत या जिल्ह्याच्या उद्योगांची जणू नोंदवहीच उतरली आहे. हे अपवाद या जिल्ह्यासाठी लिहिले गेले असे येथे सुचवावयाचे नाही. ते देशभरच्या ग्राहक-उद्योगांच्या आक्षेपांतून घडतात. परंतु अशा यादीतील एक ओळ राहिली वा गळाली तर तिचा परिणाम चिकलठाण्याच्या औषधाच्या पट्टीवर, वाळूजच्या बाटलीवर किंवा शेंद्र्याच्या मोटारीच्या किमतीवर होतो, एवढे निश्चित.

येथे व्याख्येच्या दोन जाती स्पष्ट दिसतात. 'ऐंशी मायक्रॉनपर्यंत' हे रूपावरून केलेले लक्षण आहे. ते बंदरावर मोजून पाहता येते. 'बीअरच्या बाटलीसाठी' हे उपयोगावरून केलेले लक्षण आहे. उपयोग पुढे व्हावयाचा असतो, तो गुंडाळीकडे पाहून दिसत नाही. म्हणूनच त्याला खरखरीतपणा, छिद्रे व जाडी या दृश्य खुणांची जोड द्यावी लागली. मराठीतील वर्ख-बेगड उपयोगावरून ओळखली जातात, कारण तेथे खोटे बोलून कोणाला जकात चुकवावयाची नसते. कायद्याच्या भाषेला मात्र ऐकणारा प्रामाणिक आहे असे गृहीत धरून चालत नाही.

यानंतर मार्च २०२५ मध्ये भारताने चीनच्या फॉइलवर सहा महिन्यांसाठी टनास कमाल ८७३ डॉलरपर्यंत तात्पुरते शुल्क पुन्हा बसविले. म्हणजे व्याख्येचा वाद एकदाच होऊन संपत नाही. प्रत्येक नव्या चौकशीत वस्तूची व्याख्या नव्याने मांडली जाते.

८. अव्याप्ती : युरोप आणि अमेरिका

दुसऱ्या दोषाचे उत्तम उदाहरण युरोपीय संघाने दिले. २००९ मध्ये संघाने आर्मेनिया, ब्राझील व चीन येथील घरगुती फॉइलवर शुल्क बसविले. व्याख्या काटेकोर होती. जाडी ०.००८ ते ०.०१८ मिलिमीटर, अस्तर नाही, लाटण्यापलीकडे प्रक्रिया नाही, रुंदी ६५० मिलिमीटरपर्यंत, आणि गुंडाळीचे वजन १० किलोहून अधिक. इतकी काटेकोर व्याख्या म्हणजे बाहेर पडण्याचा नकाशाच होय. पुढे ज्या प्रकारची फॉइल येऊ लागली ती या रेषांच्या अगदी पलीकडे उभी होती. २०१७ मध्ये संघाने 'किंचित बदललेल्या' फॉइलपर्यंत शुल्क वाढविले. त्या यादीत ०.००७ ते ०.००८ मिलिमीटरच्या दरम्यानची, ०.०१८ ते ०.०२१ च्या दरम्यानची, योग्य जाडीची पण ६५० मिलिमीटरहून रुंद, आणि ०.०२१ ते ०.०४५ जाडीची पण किमान दोन थरांची, असे प्रकार आले. आधीच्या व्याख्येची प्रत्येक सीमा या यादीत उलटी वाचता येते. मराठीत अशा बदलाला 'बेगडी' म्हटले तर ते शब्दशः व लाक्षणिक अशा दोन्ही अर्थांनी योग्य होईल.

पण अव्याप्ती दूर करताना अतिव्याप्ती आलीच. याच मापाची फॉइल अन्य उद्योगांनाही लागते. म्हणून घरगुती फॉइलखेरीज अन्य उपयोगासाठी आणलेल्या मालास, त्या उपयोगाची हमी घेऊन, सूट ठेवावी लागली. रूपाचे लक्षण अपुरे पडले तेव्हा संघाला उपयोगाच्या लक्षणाकडे परतावे लागले.

अमेरिकेने एप्रिल २०१८ मध्ये चिनी फॉइलवर अवपातनविरोधी व अनुदानविरोधी अशी दोन्ही शुल्के बसविली. त्यांपैकी पहिल्याचे दर ४८.६४ ते १०६.०९ टक्के होते. व्याख्येत ०.२ मिलिमीटरपर्यंतची, २५ पौंडांहून अधिक वजनाच्या गुंडाळ्यांतील फॉइल घेतली, आणि अस्तराची फॉइल व धारित्रांची फॉइल वगळली. २५ पौंड म्हणजे सुमारे ११.३ किलो. दुकानातून घरी जाणारी लहान गुंडाळी त्यामुळे आपोआप बाहेर राहिली. चिनी माल अडल्यावर इतर देशांचा माल वाढला, तेव्हा २०२१ मध्ये आर्मेनिया, ब्राझील, ओमान, रशिया व तुर्कस्तान यांच्या फॉइलवरही शुल्के आली.

त्यापुढचा वाद जन्मस्थानाचा. समजा, चीनमध्ये लाटलेला ०.३ मिलिमीटरचा पत्रा थायलंडमध्ये नेऊन फॉइल होईपर्यंत लाटला. ही फॉइल चिनी की थाई? पत्र्याचे शीर्षक ७६०६, फॉइलचे ७६०७. रुळाखालून जाताना वस्तूचे नाव बदलले. भारत व आसियान यांच्यातील करारात मालाला सदस्य देशाचे जन्मस्थान मिळण्यासाठी सर्वसाधारण अट अशी आहे की, किमान ३५ टक्के मूल्य त्या प्रदेशात निर्माण व्हावे आणि उपशीर्षक बदलावे. दुसरी अट केवळ लाटण्याने पुरी होते. म्हणून सारा भार पहिल्या अटीवर येतो. अमेरिकेने मात्र २०२३ मध्ये, चिनी पत्रा व फॉइल यांपासून कोरिया व थायलंड येथे तयार झालेली ठरावीक फॉइल ही शुल्क चुकविण्याचा प्रकार होय असा निष्कर्ष काढला. एका व्यवस्थेत नावाचा बदल हा नव्या जन्माचा अंशतः पुरावा ठरतो, दुसऱ्या व्यवस्थेत तोच बदल वेषांतर ठरतो.

९. प्रश्न कोणाचा?

आतापर्यंतच्या विवेचनावरून व्याख्या लिहिणारे चतुर आणि मोडणारे अधिक चतुर, एवढाच निष्कर्ष काढून थांबणे बरोबर होणार नाही. खरा प्रश्न त्या व्याख्येत आपले म्हणणे घालण्याची संधी कोणाला मिळते, हा आहे.

चौकशी सुरू झाल्याची सूचना निघाली की संबंधितांना उत्तर देण्यास सामान्यतः ३० दिवस मिळतात. वस्तूची व्याख्या कशी असावी, कोणता प्रकार वगळावा, यांविषयीचे आक्षेप याच सुरुवातीच्या काळात नोंदवावे लागतात. मोठ्या कारखान्याजवळ वकील असतो, सल्लागार असतो, दिल्लीत कार्यालय असते. फॉइल विकत घेऊन तिच्यावर छपाई करणाऱ्या, तिला कागदाचे अस्तर लावणाऱ्या वा तिची लहान गुंडाळी करणाऱ्या छोट्या उद्योजकाजवळ यांपैकी काही नसते. त्याला नव्या शुल्काची वार्ता बहुधा पुरवठादाराच्या वाढीव दरपत्रकातून कळते. तोपर्यंत व्याख्या गोठलेली असते, आणि आपली फॉइल अपवादात बसू शकली असती हे त्याच्या ध्यानात उशिरा येते.

ही सूचना व अधिसूचना हिंदी व इंग्रजीत प्रसिद्ध होतात. कित्येक छोट्या उद्योजकांना दोन्ही भाषा कामापुरत्या येतात हे खरे, पण अधिसूचनेतील वाक्य कामापुरत्या भाषेने उलगडत नाही. 'अस्तर वगळून', 'लाटण्यापलीकडे प्रक्रिया न केलेली', 'छापील असो वा नसो' या पदांतील प्रत्येक नकार आणि प्रत्येक विकल्प यांचा अन्वय लावता यावा लागतो. एखाद्या कारखान्यातील फॉइलवर लाखेचा पातळ थर असेल तर ती 'केवळ लाटलेली' राहते काय, अस्तर कागदाचे असेल तर जाडी कोणती धरावयाची, असे प्रश्न वाक्यविचाराचे आहेत, आणि त्यांची उत्तरे चुकली तर दंड पैशांत भरावा लागतो.

१०. समारोप

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने १९६० पासून मराठी परिभाषेचे मोठे काम केले आहे. विविध शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध झाले. परंतु परिभाषाकोश शब्द देतो, वाक्य देत नाही. जकातीच्या व्याख्येतील अडचण एकेका शब्दात क्वचित असते. ती विशेषण कोणत्या नामास लागते, अपवाद कोणत्या खंडास लागतो, यात असते. हे काम अर्थशास्त्र विभागाने एकट्याने किंवा विधी विभागाने एकट्याने करावयाचे नाही. त्यात भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याचा स्पष्ट वाटा आहे.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे एक मर्यादित काम ठेवावेसे वाटते. आपल्या परिसरातील उद्योगांना लागणाऱ्या दहा-बारा वस्तू निवडाव्यात. त्यांच्या शीर्षकांचे व त्यांच्यासंबंधीच्या अधिसूचनांतील व्याख्यांचे मराठीत अन्वयासह विवरण करावे. प्रत्येक व्याख्येत अव्याप्ती कोठे आहे, अतिव्याप्ती कोठे आहे आणि तिचा भार कोणावर पडतो, हे दाखवावे. हे विवरण कायद्याची जागा घेणार नाही. पण शेंद्र्याच्या एखाद्या छोट्या कारखानदाराला तीस दिवसांच्या आत आपला प्रश्न विचारता आला, तरी त्याचे प्रयोजन सिद्ध झाले असे म्हणता येईल.

पत्रा, वर्ख आणि फॉइल हे तिन्ही शब्द मुळात पानच. कोणत्या पानावर जकात पडावी हे यापुढेही व्याख्याच ठरवतील. त्या व्याख्या मराठीत नीट वाचता येणे ही आता या परिसराची व्यावहारिक गरज झाली आहे.